म्हावऱ्याचा दोष नव्हता

माझी आत्या म्हावरं, म्हणजे मासे, खाऊन मेली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं, तरी आमच्या अंजूर गावात ती त्यानेच गेली असं अजून बोललं जातं. म्हणून इथे लिहितेय.

आत्याला मल्टिपल मायलोमा होता. रक्ताचा एक कॅन्सर. आधी कंबर दुखायला लागली, मग थकवा, मग तपासण्या. पहिल्याच रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन वाढलेलं.

तिच्या मुलाने, दिनेशने, ते वाचलं आणि घरात फर्मान काढलं. मासे बंद, अंडी बंद, डाळसुद्धा बंद.

शेजारणी येऊन म्हणायच्या, "जन्मभर निवट्या खाल्ल्या, आता भोगा."

खाडीच्या चिखलातल्या या माशांवर वाढलेल्या बाईच्या ताटात नुसता भात आणि लोणचं.

मला पटत नव्हतं. पण ठामपणे सांगण्याइतकं मलाही कळत नव्हतं.

आत्या वाळत गेली. त्याहून वाईट म्हणजे तिलाही ते खरं वाटू लागलं.
"माझा मीच केला गो पोरी," म्हणाली एकदा.

मग मुंबईला कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खुर्चीत बसायच्या आधीच आत्याने विचारलं,
"म्हावऱ्यानी झाला का हो?"

"नाही आजी. कोण म्हणालं?"

आत्याने नुसतं दिनेशकडे बघितलं.

बाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. मी डॉक्टर नाही, चुकलं तर सांगा.

आपल्या हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये, प्लाझ्मा सेल असतात. त्या रोगांशी लढणाऱ्या अँटीबॉडी बनवतात. अँटीबॉडी म्हणजेही प्रोटीनच, पण तऱ्हेतऱ्हेची, प्रत्येक रोगासाठी वेगळी. एखादी सेल बिघडते आणि स्वतःसारख्याच सेल वाढवत सुटते. मग त्या सगळ्या मिळून एकाच साच्यातलं, निकामी प्रोटीन रक्तात ओतत राहतात. त्याला एम प्रोटीन म्हणतात. ते ताटातून येत नाही. शरीरातच तयार होतं.

"म्हंजे कामाचा काय न्हाय, नुसती गर्दी?" आत्या.

"अगदी तसंच," बाई हसल्या. "पाणी भरपूर प्या. मनाने पेनकिलर घेऊ नका, किडनीला जपायचंय. आणि मासे खा, अंगात ताकद हवी."

परतताना आत्याने गाडी थेट बाजारात घ्यायला लावली. वडपे गावात गोडाऊन असलेला, पांढऱ्या कडक कपड्यांतला दिनेश जिवंत निवट्यांची पिशवी धरून उभा. पिशवी उड्या मारतेय.

"नीट धर. तुज्यापेक्षा चपळ हायत त्या."

उपचारांनी एम प्रोटीन उतरलं. पाठीला पट्टा बांधून आत्या पुतण्याच्या हळदीत नाचली.

नंतर ते पुन्हा चढलं. औषधं थकली. "आत्या मात्र थकली नाही" असं लिहायचा मोह होतोय. पण ती थकली होती. खूप.

दोषी मात्र नव्हती.

आज दुपारी वर्षश्राद्धाच्या पंगतीत एक मावशी म्हणाली, "जिभेनी घात केला तिचा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाढता वाढता दिनेश थांबला.

"मावशे, त्या प्रोटीनचा आनि म्हावऱ्याचा काय संबंध न्हाय. मी पन तुज्यासारखाच बोललेलो. आईला उपाशी ठेवली मी. आता या घरात परत कोनी हे बोलायचा न्हाय."

आणि तो पुढच्या पानात वाढायला वळला.

आत्या, तुझं काही चुकलं नव्हतं. आता हे तुझा मुलगा सांगतो.

तुझी आठवण रोज येते.