तासाला नऊशे

कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. पॉवर प्रेसवर तिचे हात चालताना दिसत नसत, नुसते तुकडे पडताना दिसत. काम बिजागरीचे पत्रे कापायचं. पत्रा ठेवायचा, दाबायचं, काढायचा, पुन्हा दुसरा ठेवायचा. बारा वर्षं हेच. तेराव्या वर्षी एका मंगळवारी साच्याने तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून उडवली.

ती हॉस्पिटलातून घरी यायच्या आत चौकशी उरकलीसुद्धा. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. तिच्या मशिनीच्या डाव्या बटणात रबराचा तुकडा कोंबलेला सापडला. सुपरवायझरने कागदावर लिहिलं : कामगाराने बटण स्वतः अडकवले. खाली मालकाची सही. आता रबर रांगेतल्या आठही मशिनींत होतं, आणि ते याच सुपरवायझरने, "हात चालवा, हात" असं खेकसत, स्वतः फिरून कोंबलं होतं. चौकशीपुरती बाकीची सात निघाली. दुसऱ्या दिवशी परत बसली.

नवरा म्हणाला, जाऊ दे, जिवावर बेतलेलं बोटांवर निभावलं. तिने चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. बोटांसाठी ती रडून मोकळी झाली होती. पण त्या कागदावरची ती ओळ तिला घास गिळू देईना. ती ओळ ज्याने लिहिली त्याच्याच हाताने खोडून घ्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत ऑक्युपेशनल थेरपीच्या ताई बसत. तिथे ना सुया, ना बाटल्या. कपड्यांचे चिमटे, कुलपं, नळाच्या तोट्या आणि मळलेल्या कणकेसारखा रंगीत गोळा. भिंगरीला वाटलं, आपल्याला बालवाडीत घातलं की काय. ताईंनी हात बघायच्या आधी विचारलं, दिवसभरात काय काय करता, आणि या हाताकडून तुम्हाला काय करून हवंय?

"एकाचा गळा दाबायचाय."

ताईंची भुवईसुद्धा हलली नाही. "मग अंगठा आत वळायला हवा. तो आखडलाय. तिथूनच सुरुवात करू."

तिथून तीन महिने. थोटकांना कापूस लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. म्हणून आधी कापूस, मग टॉवेल, मग जाडंभरडं पोतं घासायचं. व्रणाला तेल लावून चोळायचं. चिमटे लावायचे, काढायचे. वेणी घालायची, पोरीची आणि मग स्वतःची. कंटाळली की ती सुपरवायझरचं तोंड आठवायची, आणि तो रंगीत गोळा असा काही पिळायची की ताई म्हणायच्या, अहो, सरकारी आहे तो, जरा जपून.

एक दिवस ताईंनी तिला टेबलालाच मशीन समजून काम करून दाखवायला सांगितलं. आमचं असंच असतं, म्हणाल्या, कामाचा एकेक तुकडा सुटा करून बघतो, कुठला हात कधी कुठे असतो ते. भिंगरीने दाखवलं. उजवा बटणावर, डावा साच्यात. ताईंनी तिथेच थांबवलं आणि विचारलं, डावा हात मोकळा कसा? तेव्हा भिंगरीने रबराची सगळी कहाणी ओकली.

ताई चिडल्या नाहीत. कामावर परत पाठवण्याआधी जागा बघणं हे माझ्या कामातच बसतं, एवढंच बोलल्या. आणि एका सकाळी टेप आणि घड्याळ घेऊन भिंगरीसोबत कारखान्यात हजर झाल्या. रबरं अर्थातच गायब होती. सुपरवायझर लग्नातल्या मुलीच्या बापासारखा हात जोडून पुढेपुढे करत होता. ताईंनी शेजारच्या बाईला दोन्ही बटणं दाबून काम करायला लावलं आणि वेळ मोजली. एका तुकड्याला आठ सेकंद. म्हणजे तासाला साडेचारशे. समोरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, तासाला नऊशे. ताईंनी दोन्ही आकडे वहीत उतरवले आणि मालकाला सांगितलं की हा अहवाल कामगार कार्यालयात जाणार.

मालक सुपरवायझरकडे बघायला लागला. सुपरवायझर म्हणाला की या बायका मुद्दाम सुस्त चालवतात, सराईत हाताला नऊशे म्हणजे काहीच नाही.

"मग तुम्ही दाखवा, साहेब," भिंगरी म्हणाली.

मालक बघत होता, त्यामुळे बसणं भाग पडलं. दोन्ही बटणांनी त्याचे नऊ सेकंद झाले. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. भिंगरीने त्याच्याच टेबलाचा खण ओढला. आठही रबरं तिथे होती. तिने एक उचलून डाव्या बटणात कोंबलं. ताईंनी झटकन जाऊन मेन स्विच खाली ओढला. मशीन थंड.

"बंद आहे," भिंगरी म्हणाली. "आता घाला डावा हात. जसा आम्ही घालतो."

त्याने पत्रा उचलला. हात साच्याच्या कडेपर्यंत गेला आणि थबकला. पुन्हा नेला. पुन्हा थबकला. कपाळावर घाम आला. मेलेल्या मशिनीत त्याच्याने हात घालवेना.

"का हो मागे घेतलात?" ताईंनी विचारलं, दवाखान्यात विचारतात त्याच आवाजात.

"तुटेल ना," तो बोलून गेला.

मालकाने डोळे मिटले. मग म्हणाला, केबिनमध्ये चला, कागद बदलून घेऊ.

भिंगरी जागची हलली नाही. "केबिनमध्ये नाही. इथेच. याच मशिनीवर ठेवून, यांच्याच हाताने."

कागद आला. तो गुळगुळीत लोखंडावरून सरकायला लागला तशी तिने आपला डावा हात त्यावर दाबून धरला, थोटकं बरोबर त्याच्या नाकासमोर येतील असा. त्याने जुनी ओळ खोडली. लिहिलं : आठही मशिनींत रबर मी बसवले, अपघात त्यामुळे झाला. खाली सही केली.

"वाचा," ती म्हणाली.

त्याने पुटपुटत वाचलं.

"मोठ्याने. शेवटच्या मशिनीवरच्या बाईला ऐकू आलं नाही."

त्याने मोठ्याने वाचलं. शेवटच्या मशिनीवरच्या बाईने कानामागे हात धरला आणि मान हलवली, नाही. तिला पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं.

"पुन्हा," भिंगरी म्हणाली.