नंबर ह्यांचा, गाठ माझी

मानेतल्या गाठीच्या तपासणीची तारीख विचारायला बोळिंजच्या दवाखान्यात गेले, तर ती कालच होऊन गेलेली.

"मेसेज पाठवला होता की," सिस्टर म्हणाल्या.

आमच्या लातूरकडे बाई नवऱ्याचाच नंबर देते, तसा मीही दिलेला. आणि आमचे साहेब! दिवसभर क्रिकेट बघतील, पण मेसेज न वाचताच पुसतील. म्हणे, सगळ्या जाहिराती.

"मग तपासायलाही त्यांनाच पाठवा, ताई!" माझं ऐकून सिस्टर फणकारल्या.

तरी सिस्टरांनी माझा नंबर घेतला, नवी तारीख दिली. उपकारच त्यांचे. शाळा आठवीत सुटली, पण मराठी मेसेज मला वाचता येतो.

नव्या तारखेला सकाळी मेसेज आला तेव्हा हे गुरगुरले, "तुला कोण मेसेज करतंय?"

"ज्यांना माझ्या गाठीची काळजी आहे, ते," म्हटलं आणि दवाखान्यात निघाले.