भिंतीवरची गोलकीपर

पेंटर मावशी एकदा शिडीवर चढल्या की भिंत पुरी होईपर्यंत कुणासाठीही खाली उतरत नसत. सरपंच येवो, साहेब येवो, काम देणारा मालक येवो, खालून हाक आली की त्या ब्रश न थांबवता म्हणायच्या, "बोलायचं आसंल तर वर या." दुसरी शिडी नसायचीच. मग माणूस डोळ्यांवर हात धरून, मान वर करून बोलायचा आणि त्याचा आवाज आपोआप नरम व्हायचा. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, कमरेला खोचलेली चिंधी आणि कोपरापर्यंत रंग, अशा अवतारात मावशी उन्हात चार-चार तास वर उभ्या असत.

इंदापुरातले मूळ पेंटर त्यांचे यजमान. दुकानांच्या पाट्या, खतांच्या जाहिराती, शाळांवरचे सुविचार हे त्यांचं काम. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा ते खाली खुर्चीवर बसून सांगू लागले आणि मावशी वर चढून काढू लागल्या. बाईमाणूस शिडीवर, म्हणून लोक हसले. एका दुकानदारानं तर पाटी अर्धी झाल्यावर 'बरं दिसत न्हाय' म्हणून काम थांबवलं. मावशी सामान उचलून निघून आल्या. त्या दुकानावर कितीतरी महिने नुसतं 'किराणा व भु' एवढंच होतं. शेवटी दुकानदार घरी आला. मावशी म्हणाल्या, "'सार' लिवते. पर शिडी धरायला तुमीच उभं ऱ्हायचं." तो उभा राहिला.

माझी त्यांची गाठ पडली ती आइस हॉकीमुळं. मी बारामतीत एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर मुलींना चाकांचे स्केट घालून हॉकी शिकवत होतो. खरा खेळ बर्फावरचा. आमच्या मुली वर्षभर चाकांवर सराव करायच्या आणि निवड झाली तर थोडे दिवस लडाखला जाऊन बर्फावर उतरायच्या. त्या वर्षी देशभर या खेळाचा उत्सव करायचं ठरलं. प्रत्येक संघानं आपापल्या भागात प्रचार करायचा आणि लोकांना बोलावून एक सामना खेळून दाखवायचा. खेळाच्या संघटनेकडून एक चित्रही आलं होतं: हातात काठी घेतलेला पेंग्विन, मागं बर्फाचे डोंगर आणि खाली एक इंग्रजी ओळ. तो कागद घेऊन मी मावशींकडं गेलो.

मावशींनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं. "हा पक्षी आपल्याकडं कुणी बघितलाय?" मी म्हणालो, "मावशी, ही देशभराची खूण आहे." "आसंल. पर खेळतं कोण? हा का तुमच्या पोरी?" आणि कागद मला परत देऊन त्या म्हणाल्या, "आधी खेळ दावा. न बघितलेलं मी काढत न्हाय."

दुसऱ्याच दिवशी त्या एसटीनं बारामतीला आल्या आणि मैदानाच्या कडेला दोन तास मांडी घालून बसल्या. सगळा वेळ त्यांची नजर रुपालीवर होती. रुपाली आमची गोलकीपर, नरसिंहपूरकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. अंगावर गाद्यांसारखे पॅड, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, आणि समोरून येणारी रबराची जड चकती अंगावर झेलायची. खेळ संपल्यावर मावशींनी तिला जवळ बोलावून विचारलं, "लागत न्हाय का गं?" रुपाली म्हणाली, "लागतंय की." मावशी खूश झाल्या. मला म्हणाल्या, "हिलाच काढू."

ओळही त्यांनीच सांगितली: 'बर्फ न्हाय, तरी हॉकी हाय!' मी जरा चाचरलो. "मावशी, भिंतीवर जाणार आहे. 'नाही' आणि 'आहे' असं शुद्ध लिहू या." त्या म्हणाल्या, "वाचणार कोण? हितलीच माणसं. तुमी काय परीक्षा घ्यायला बसणार हाय?" आठवडाभरात ती ओळ बारामतीपासून इंदापूरपर्यंत रस्त्याकडेच्या भिंतींवर उमटली. ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टरवाले ती मोठ्यानं वाचत जायचे.

सगळ्यात मोठी भिंत इंदापुरात, रस्त्यालगतच्या एका गोदामाची होती. तिथं मावशींनी दोन माणसं उंच अशी रुपाली काढली. पाय रोवलेले, काठी आडवी, जाळीतून रोखलेले डोळे. भिंतीला गर्दी व्हायला लागली तशी एका पुढाऱ्याची माणसं आली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुलीच्या डोक्यावर साहेबांचा फोटो हवा, शेजारी त्यांच्या चिरंजीवांचा, खाली शुभेच्छुकांची नावं.

मावशी वरूनच म्हणाल्या, "साहेबांनी गोल अडवलाय का कधी?"

खालचा म्हणाला, "मावशी, वाईट दिसंल हां. मैदानाची परवानगी कुणाच्या हातात हाय, म्हाईत हाय ना?"

"मग पायात चाकं घालून हितवर या म्हणावं साहेबांना. लगीच काढती तोंड."

हसणारे हसले. मी मात्र घाबरलो. संध्याकाळी शाळेतून निरोप आला की मैदान मिळणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, भिंतीवरच्या अख्ख्या रुपालीवर चुना फासलाय. आम्ही मुलींना घेऊन तिथं पोचलो तेव्हा मावशी आधीच भिंतीपाशी होत्या. मी मावशींना म्हणालो, "जाऊ द्या आता. पुढच्या वर्षी बघू."

"पुढल्या वर्षी काय चुना मिळत न्हाय का?" मावशी माझ्यावरच खवळल्या. मग त्यांनी भिंतीला नख लावून पाहिलं. "सर, ही ऑइलपेंटवर चुना मारून गेलीत. अजून ओला हाय. बादल्या आना."

मुलींनी शेजारच्या हॉटेलातून पाणी आणलं. मावशी शिडीवर चढून चिंधीनं पुसत गेल्या आणि पांढऱ्या ओघळांतून आधी हेल्मेट, मग डोळे, मग काठी अशी रुपाली पुन्हा बाहेर आली. रस्त्यावर थांबलेल्या एसटीतली माणसं खिडक्यांतून टाळ्या वाजवू लागली. गोदामाचा मालक डाळिंबाचा बागाईतदार होता. इतका वेळ तो लांब उभा होता. तो पुढं येऊन म्हणाला, "मावशी, आत फरशी मोकळी हाय. माल यायला अजून महिना हाय. खेळवा पोरींना हितंच."

सामना तिथंच झाला. डाळिंबाचे क्रेट रचून आम्ही कठडा केला. लोणी भापकरपासून माणसं आली, बाया लेकरं घेऊन आल्या. निम्म्यांना नियम कळले नाहीत, पण रुपालीनं चकती अडवली की पत्रे हादरतील असा ओरडा व्हायचा. मावशी पहिल्या रांगेत होत्या. 'माझी पोरगी' असं त्यांनी त्या दिवशी शेजारच्या किती बायकांना सांगितलं असेल, कोण जाणे. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

पुढं रुपालीची लडाखच्या स्पर्धेसाठी निवड झाली. जाण्याआधी ती नवं हेल्मेट घेऊन मावशींकडं गेली. बाकीच्या गोलकीपर हेल्मेटवर वाघ-सिंह काढून घेतात, तिलाही वाघ हवा होता. मावशी म्हणाल्या, "वाघ कुणीबी व्हतंय. तू कुठली हायेस ते लिवते." कपाळावर त्यांनी ठसठशीत अक्षरात 'इंदापूर' लिहिलं. त्यांची नजर तोवर अधू झाली होती, शिडी सुटली होती. एवढ्याशा कामाला त्यांना दोन दिवस लागले.

लडाखला एका पंचानं, नियमात बसत नाही म्हणून, ती अक्षरं पट्टी लावून झाकायला सांगितली. घरात मोठ्यानं न बोलणारी रुपाली त्याला म्हणाली, "झाकणार नाही. बाहेर बसवायचं तर बसवा." त्यानं पट्टी खिशात ठेवली आणि खेळू दिलं. आम्ही तो सामना हरलो.

मी तिथूनच मावशींना फोन केला. त्या आजारी होत्या, आवाज खोल गेला होता. उन्हाळ्याच्या आत त्या गेल्या, म्हणजे आमचं ते शेवटचंच बोलणं. हरल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "रंग टिकला का?"

मला सांगावंसं वाटेना. "मावशी, 'इं'वरचा बराच उडालाय. चकती तिथंच बसली, दोनदा."

पलीकडं त्या हसल्या. खोकला आवरून म्हणाल्या, "मग ब्येस झालं. अडवली तिनं."