हैदराबादचं विमान आणि गढ्यातला केर

आमच्या घरातला केर त्या दिवशी हैदराबादला विमान उतरेपर्यंत निघणार नव्हता. घरचं माणूस प्रवासाला गेलं की ते पोचेपर्यंत झाडू लावायचा नाही, ही आमच्या सौभाग्यवतींची पद्धत. आणि आमची नेहा नोकरीवर रुजू व्हायला पहिल्यांदाच विमानानं निघाली होती!

तिला जबलपूरच्या डुमना विमानतळावर सोडून आम्ही गढ्याला, आमच्या भागात, घरी परतलो. बैठकीत तिच्या बांधाबांधीचा पसारा तसाच होता : चिवड्याचा चुरा, सुतळीचे तुकडे, उशीतून निसटलेला कापूस. आणि थोड्याच वेळात शहपुऱ्याहून पाहुणे येणार होते, आमच्या मुलासाठी, सुधीरसाठी, आपल्या मुलीचं स्थळ घेऊन. (सुधीरला पसंत करणारं हे पहिलंच स्थळ, म्हणून माझा जीव टांगणीला.)

"झाडू दे, मीच काढतो."

"पोरगी हवेत आहे अन् तुम्ही झाडू काहून मागून राहिले?"

आता मी पडलो भूगोलाचा निवृत्त मास्तर! विमान सरळ रेषेत किती जात असेल, हे कुतूहल मला सकाळपासून छळत होतंच. नकाशाचं पुस्तक काढलं, दोऱ्याचं एक टोक जबलपूरवर, दुसरं हैदराबादवर. पावणेसातशे किलोमीटर! वेग धरला तासाला आठशे. (कोणी सांगितला? कोणीच नाही!) म्हणजे तासाभरात हैदराबाद!

"उतरली बघ नेहा!" मी घड्याळाकडे बघून जाहीर केलं.

"फोन लावा."

फोन बंद.

"बंद आहे म्हणजे हवेतच आहे ना जी!"

"अगं, चालू करायला विसरली असेल. गणित कधी चुकतं का?"

आणि मी झाडू घेतला. अर्धी बैठक झाडून मधोमध ढीग केला, तोच फोन वाजला.

"बाबा, अभी तक डुमना में ही हैं! फोन बंद करायला लावून आत बसवून ठेवलं होतं. विमान उडालंच नाही!"

सौभाग्यवतींनी ढिगाकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमके तेव्हाच पाहुणे दारात! माझ्या हातात झाडू, बायकोच्या डोळ्यांत पाणी. गेलं स्थळ!

"काय झालं ताई?" मुलीच्या आईनं विचारलं. बायकोनं सगळं सांगितलं.

"अगं बाई! पोरगी पोचली नाही अन् केर काढला? कोणी?"

बायकोनं अत्यंत नम्रपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

"चलो भाऊ, पहिले तो केर परत पसरवा!"

पसरवला. होणाऱ्या व्याह्यांच्या देखत, ओणवं होऊन, कापूससुद्धा! मग सगळ्यांनी त्या चुऱ्यातच बसून चहा घेतला आणि नेहा पोचल्याचा फोन येईपर्यंत पाहुणे हललेच नाहीत. तोवर दोघी बायकांचं असं काही जमलं, की लग्न तिथंच ठरलं.

व्याह्यांनी सुधीरचा पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. एकच अट घातली : मुहूर्ताच्या वेळेचं गणित मास्तरांनी मांडायचं नाही!