पूर्वेच्या भिंतीतलं भोक

सुखदेव मिस्त्री गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, मायानं केला, तेव्हा मी एसी लावून पेपर वाचत बसलो होतो. "सर, बाबा सकाळी गेले," एवढंच ती बोलली. मी उठून आधी एसी बंद केला...

देवळी रोडवरचं आमचं घर मिस्त्रींनी बांधलं. तेव्हा या लेआउटमध्ये घरं मोजकीच. बाकी पडीत रान, एक विहीर, विहिरीवर वाकलेली बाभूळ आणि तिला लटकलेले सुगरणींचे खोपे. मी आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. पक्षी दोनच, कावळा आणि कावळा नसलेले, एवढीच माझी विभागणी! मिस्त्री विटा रचता रचता नुसत्या आवाजावरून सांगायचे, हा तितर, हा नीलकंठ. टिटवीनं आमच्या गिट्टीच्या ढिगाजवळ उघड्यावर अंडी घातली, तर पिल्लं निघेपर्यंत तो कोपरा त्यांनी कुणाला शिवू दिला नाही. काम रखडलं म्हणून मी चिडलो. ते हसले आणि दुसऱ्या बाजूची भिंत उचलायला लागले.

परांचीचे बांबू काढले की भिंतीतली भोकं बुजवतात. मिस्त्री प्रत्येक घराचं एक भोक ठेवायचे, पूर्वेकडे, सज्जाखाली, आतून बंद आणि बाहेरून उघडं. ओल्या सिमेंटवर अंगठा दाबून त्याचे काठ गुळगुळीत करायचे. "चिमनीचा पंख घासाले नाई पाहिजे," म्हणायचे. चिमण्या आल्या, राहिल्या, आमच्या हिच्या वाळवणाच्या गव्हावर ताव मारू लागल्या.

मग लेआउट भरला. विहीर बुजली, बाभूळ गेली, तिच्यामागे सुगरणी गेल्या. अंगणांत फरश्या आल्या. उरली ती कबुतरं, साळुंक्या आणि आमच्या भोकातल्या चिमण्या. एकदा चहा पिताना मिस्त्री म्हणाले, "चिमनीले भोक देता येते सर. टिटवीले काय देऊ?"

दोन उन्हाळ्यांपूर्वी एसी घेतला. पाइप बाहेर काढायला कारागिराला आयतं भोक सापडलं. आतलं प्लास्टर फोडलं की झालं, म्हणाला. मीही म्हटलं, घाला त्यातूनच. भोकातलं गवत त्यानं ओढून खाली टाकलं, ते मी झाडून काढलं. पाइपाभोवती पांढरं सिमेंट लिंपलं, झालं!

यंदाच्या वैशाखात मिस्त्री आले. पाइप भिंतीत कुठे शिरतो ते त्यांनी पाहिलं. ज्यांनी भिंत बांधली, त्यांना मी काय सांगणार? "गार वाटून राह्यलं सर," एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. ती शेवटची भेट. माफी मागायची राहिली, याची मला आज लाज वाटते.

मिस्त्री गेल्यावर, मागच्या आठवड्यात, पाइप दुसरीकडून काढायला लावला. जुन्या भोकाचं पांढरं सिमेंट मात्र मी स्वतः शिडीवर चढून छिन्नीनं काढलं. हिनं खालून शिडी धरली आणि माझ्या वयाचा मनसोक्त उद्धार केला. चिमणी अजून आलेली नाही. पण काठावर अंगठ्याची ती खोलगट खूण तशीच आहे. मी माझा अंगठा तिच्यात ठेवून पाहिला... मिस्त्रींचा बराच मोठा होता.