फिनेलवहिनीची शेवटची पेटी

गल्लीत तिला फिनेलवहिनी म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर कुणी काही म्हणावं असं तिचं तोंड नव्हतं. उंबरठा रोज, नळाची तोटी जाता-येता आणि माणूस उठला की त्याची खुर्ची लगेच, असं तिचं पुसणं चाले. त्यामुळे पाहुणे फारसे येत नसत. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

मधमाश्याही तिने तशाच पाळल्या. नवरा गेल्यावर धाकट्या दिराशी वाटणी झाली, अंगणाच्या मधोमध कुंपण आलं, मधपेट्या निम्म्या-निम्म्या झाल्या. दिराच्या पेट्या म्हणजे काळवंडलेली पोळी आणि चिकट झाकणं. हिच्या पेट्या म्हणजे दवाखाना: जुनं पोळं दिसलं की जाळ, चौकट दिसली की खरवड, आणि रोग असो-नसो, साखरेच्या पाकात दरवर्षी अँटिबायोटिक. एवढं करून दिराच्या माश्या धष्टपुष्ट, आणि हिच्या पेट्या एकामागून एक ओस पडत आता शेवटची उरलेली. वाटणीच्या दिवशी दीर चारचौघांत म्हणाला होता, "वहिनींना माणसं सांभाळता येत नाहीत, माश्या काय सांभाळणार!" ही पेटी गेली की ते वाक्य खरं ठरणार होतं. माश्या गेल्याचं दुःख तिने गिळलं असतं. हे गिळवणार नव्हतं.

नणंदेची मुलगी प्रयोगशाळेत मधमाश्यांच्या पोटातल्या जिवाणूंवर काम करायची. ती पेटीतल्या माश्या तपासायला घेऊन गेली, आणि परत आली ती उभ्यानेच बोलली. खुर्ची नुकतीच पुसलेली होती.

"मामी, पोटं रिकामी आहेत यांची."

"वेळच्या वेळी पाक घालते मी!"

"पाकाचं नाही म्हणत. चांगले जिवाणूच नाहीत. अन्न पचवायला तेच मदत करतात, रोगाला तेच अडवतात. तुझ्या औषधाने तेही मेले."

"बरंच झालं. पोट स्वच्छ!"

भाचीने कपाळाला हात लावला. कोषातून नवी माशी निघते ती जवळजवळ कोऱ्या पोटाने, तिने सांगितलं. हे जिवाणू तिला थोरल्या बहिणींकडून मिळतात. अंगाला अंग लागून, पोळ्यावरून आणि खरं सांगायचं तर त्यांच्या विष्ठेतून.

वहिनीचा हात नाकाला गेला. "उकळून घेतले तर चालतील का?"

"उकळलेस की मेले."

"मग पूड मिळते ना बाजारात?"

"त्यात बहुतेक माश्यांचे नाही, परक्या पोटातले असतात. आमची पूड अजून प्रयोगातच आहे. त्यापेक्षा निरोगी पेटीतली पोळ्याची एक चौकट आण, पिल्लं आणि त्यांना भरवणाऱ्या माश्यांसकट."

"कुठून?"

भाची कुंपणाकडे बघत राहिली.

पेटीच्या दारातला मेलेल्या माश्यांचा ढीग वाढला, तेव्हा वहिनी कुंपणातलं फाटक उघडून पलीकडे दिराकडे गेली.

"भावजी, एक चौकट हवी."

"अरे वा! आमच्या घाणीतली?"

"तुमची कुठून आली? वाटणीआधी या माश्या मीच वाढवल्या. त्यांच्या पोटातलं थोरलीकडून धाकटीला येत आलंय. माझंच परत नेतेय."

"वाटणीत पोटातलं धरलं नव्हतं, वहिनी."

"धरलं असतं तर तेही दाबलं असतंत."

दिराने पेटीत धूर सोडला, माश्यांनी लगडलेली चौकट उचलली आणि तिच्यापुढे धरली. "न्या. वहिनींची पेटी माझ्या घाणीवर चालते, हे गल्लीभर सांगायला मिळेल."

"सांगा. जीभ तेवढी धुऊन सांगा."

घरी आल्यावर सवयीने ती नळापाशीच थांबली. चौकट काळी, चिकट, लाकडावर दिराच्या अंगठ्याचा मेणकट ठसा. तिने तोटी सोडली, बघत राहिली, बंद केली. चौकट तशीच पेटीच्या वरच्या मजल्यात ठेवली. परक्या माश्या एकदम भिडू नयेत म्हणून मधे वर्तमानपत्र घातलं. माश्यांचं ते कुरतडून होईपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो. माणसांत ही सोय नाही.

पेटी जगली. पुढच्या बहरात माश्यांच्या गर्दीने पेटीचं दार काळं झालं, आणि दिराने ठरल्याप्रमाणे गल्लीभर सांगितलं. वहिनीने ते खोडून काढलं नाही. पाकात औषध घालणंही तिने सोडलं. फाटकाची कडी मात्र अजून पुसते, दोन्ही बाजूंनी.