बंद हाय, मेलेलं न्हाय

“हात काढा आधी!” असं म्हणत मामा माझ्या मनगटावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ मारायचे. मशीनची पिन काढलेली असली तरी. “बंद हाय, मेलेलं न्हाय. पिक्चर ट्यूबमधी करंट साठून ऱ्हातो.” ते खरंही होतं. पण पन्नाशीच्या माणसाला कुणी असं मारतं का? माझं टाळकंच सरकायचं.

मशीन माझंच. वडिलांच्या गेम पार्लरमधला, नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम. माणसाएवढं लाकडी खोकं, पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडलेलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावायचा तर ते चालू व्हायला हवं होतं, तेही कमी खर्चात. म्हणून कुंभारी गावच्या या म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिकला आणलं; सगळे त्यांना मामाच म्हणतात. तुम्हीही असे पाहिले असतील: कामाला वाघ, वेळेच्या नावाने बोंब.

हँडलची स्प्रिंग तुटली होती. त्यांनी मोडीत काढलेल्या यंत्रमागाची स्प्रिंग आणून बसवली, आणि मान्य करतो, हँडल पहिल्यापेक्षा झकास फिरायला लागलं. पण पिक्चर ट्यूब गेलेली आणि तसली आता मिळेना. गड्डा आठ दिवसांवर आला.

“एलईडी लावा की, मामा.”

“मग मला कशाला बोलावलं? मोबाईल बघत बसा की!”

“जत्रा थांबणार आहे का तुमच्यासाठी?”

“जुन्या टीव्हीत गावंल. दोन दिस द्या.”

दोनाचे पाच झाले. फोन उचलेनात. मी संतापून चौकातल्या टीव्हीवाल्याला बोलावलं. त्याने तासाभरात एलईडी ठोकला. जुनी ट्यूब, तिचं सर्किट, सगळं मी भंगारात देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामा रिक्षातून उतरले. हातात चादरीत गुंडाळलेली ट्यूब.

“कुठं मिळाली?”

“घरच्या टीव्हीची काढली. बायको बोलंना झालीय.”

त्यांनी खोक्याचं मागचं दार उघडलं. आत एलईडीची पाठ, बाकी नुसती पोकळी. ट्यूब चालवायची कशावर? पाच दिवस मी त्यांना शिव्या घालत होतो, आता त्या सगळ्या मलाच लागू होत्या. एक फोन उचलला असता यांनी! एक दिवस थांबलो असतो मी!

दार लावायला मी पुढे झालो आणि सवयीने हात मागे घेतला.

“लावा की हात,” ते म्हणाले. “आता काय होत न्हाय.”

त्यांनी चादर पुन्हा नीट गुंडाळली, ट्यूब उचलली आणि गेले. त्यानंतर माझ्या मनगटावर कुणी मारलेलं नाही.